सी४एच८ ची नावं किती? तीन, चार, पाच की सहा?

विक्रोळीच्या एका बाबांनी विचारलंय. लेक अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. वर्गात प्रश्न आला की सी४एच८ चे किती आयसोमर (सूत्र तेच, पण अणूंची जोडणी किंवा मांडणी वेगळी असलेले पदार्थ) होतात, नावांसकट लिहा. हिने तीन लिहिले, बाजूच्या मुलीने चार, गाइडमध्ये पाच होते आणि क्लासच्या सरांनी फळ्यावर सहा काढून दाखवले. शिवाय हिने २-ब्युटीन लिहिलं म्हणून अर्धा मार्क कापला, कारण म्हणे ब्युट-२-ईन लिहायला हवं होतं. बाबा विचारतायत की खरं कोणाचं धरायचं आणि ही सगळी नावं पाठ तरी कशी करायची.

आधी उत्तर देते, चारही आकडे बरोबर आहेत. प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजलीय, एवढंच. आणि पाठ काहीच करायचं नाहीये, कार्बनचे हात मोजता आले की नाव आपोआप खाली उतरतं, ते कसं ते सविस्तर सांगते कारण हा गोंधळ मी दरवर्षी जूनमध्ये बघते. मी आधी १४ वर्षं एका पेट्रोकेमिकल प्लांटच्या लॅबमध्ये होते, याच चार कार्बनवाल्या गॅसेसचं ॲनालिसिस करत, आणि आता मुलुंडला अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे ही नावं मी कागदावर पण पाहिलीत आणि सिलिंडरमध्ये पण.

तर सी४एच८, म्हणजे चार कार्बन आणि आठ हायड्रोजन. कार्बनला चार हात, हायड्रोजनला एक. चार कार्बन नुसते एकेका हाताने जोडले तर हायड्रोजन बसतात दहा, तो झाला ब्युटेन, आपल्या गॅस सिलिंडरमधला. इथे आठच आहेत म्हणजे दोन कमी. दोन हायड्रोजन कमी याचा अर्थ दोन हात रिकामे राहिले आणि ते एकमेकांना धरून बसले, आता ते शेजारच्या दोन कार्बनमध्ये धरले तर दुहेरी बंध होतो आणि साखळीची दोन लांबची टोकं एकमेकांना धरून बसली तर रिंग होते. ही दुसरी शक्यता मुलं हमखास विसरतात. हिशोब सोपा आहे, कार्बनची दुप्पट करा, दोन मिळवा, हायड्रोजन वजा करा, दोनने भागा. सी४एच८ ला उत्तर येतं एक, म्हणजे एक दुहेरी बंध किंवा एक रिंग. सी४एच६ ला येतं दोन, म्हणजे एक तिहेरी, किंवा दोन दुहेरी, किंवा एक दुहेरी आणि एक रिंग, किंवा दोन रिंगा. नाव लिहायच्या आधी हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहायची सवय लावा, निम्म्या चुका तिथेच थांबतात.

आता दुहेरी बंधवाले काढूया. चार कार्बन एका ओळीत घेतले तर दुहेरी बंध टोकाला टाकता येतो नाहीतर मधे, झाले दोन. तीन कार्बन ओळीत आणि चौथा मधल्याला लटकलेला असं घेतलं तर मधल्याला तीन शेजारी, तिघेही सारखेच, त्यामुळे दुहेरी बंध कुठेही टाका गोष्ट एकच. म्हणजे तिसरा. हे तुमच्या लेकीचे तीन: ब्युट-१-ईन, ब्युट-२-ईन आणि २-मिथाइलप्रोपीन, ज्याला कारखान्यात सगळे आयसोब्युटिलीन म्हणतात. यात सायक्लोब्युटेन म्हणजे चौकोनी रिंग आणि मिथाइलसायक्लोप्रोपेन म्हणजे त्रिकोणाला एक शेपूट, हे दोन मिळवले की गाइडचे पाच. आणि ब्युट-२-ईन हा प्रत्यक्षात एक नसून दोन वेगळे पदार्थ आहेत, सिस आणि ट्रान्स, ते वेगळे मोजले की बाजूच्या मुलीचे चार अल्कीन, म्हणजे दुहेरी बंधवाले, आणि सरांचे एकूण सहा. म्हणून पेपरमध्ये प्रश्नाचे शब्द नीट वाचायला शिकवा तिला, स्ट्रक्चरल आयसोमर (जोडणीच वेगळी असलेले) विचारलेत की नुसते अल्कीन, आणि स्टिरिओ, म्हणजे सिस-ट्रान्ससारखे, धरायचे की नाही. प्रश्नात स्पष्ट नसेल तर सहाही काढा आणि कुठले कशात मोडतात ते बाजूला लिहा, मार्क कापायला कोणाला जागाच राहत नाही.

आता खरा मुद्दा, सिस आणि ट्रान्स वेगळे का. इथे पुस्तक एका वाक्यात सांगून पुढे जातं की दुहेरी बंधाभोवती रोटेशन होत नाही, आणि मुलं ते वाक्य पाठ करून टाकतात. मी वर्गात छोले घेऊन जाते. रात्रभर भिजवलेले काबुली चणे आणि टूथपिकचं पाकीट, साठ रुपयांच्या आत काम होतं. दोन चणे एका टूथपिकने जोडा आणि एक धरून दुसरा फिरवा, आरामात फिरतो. हा एकेरी बंध. आता त्याच दोन चण्यांमध्ये दोन टूथपिक समांतर घाला, एक वर एक खाली, आणि फिरवून बघा. फिरत नाही. जोर लावला तर चणा मधोमध फुटून त्याची डाळ होते. वर्गात एकतरी मुलगा जोर लावतोच आणि चणा फुटला की मी म्हणते, बघ, हेच. फिरवायचं असेल तर एक बंध तोडावा लागतो, आणि तो तोडायला मोलमागे साधारण २६० किलोजूल लागतात, मुंबईच्या मे महिन्यातल्या उकाड्यात पण तेवढी ताकद रेणूकडे नसते. म्हणून सिस सिसच राहतो आणि ट्रान्स ट्रान्सच.

त्याच चण्यांना उरलेल्या दोन-दोन हातांच्या जागी टूथपिकचे तुकडे खोचा आणि टेबलवर ठेवा. नीट खोचले असतील तर चारही तुकडे एकाच पातळीत येतात, रेणू पोळीसारखा सपाट बसतो. इथीन असाच आहे, सहाच्या सहा अणू एका पातळीत, कोन १२० अंशांच्या आसपास. पुस्तकात याला एसपी२ संकरण म्हणतात, दुहेरीतल्या पहिल्या बंधाला सिग्मा आणि दुसऱ्याला पाय बंध म्हणतात, ते शिकायचंच आहे, पण आधी हातात चणे फिरवून झाले असतील तर पाय बंध म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. दुसरा हात पहिल्याइतका घट्ट नसतो हे पण लक्षात घ्या. एकेरी कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३५० किलोजूल, दुहेरीला साधारण ६१०, म्हणजे दुप्पट नाही. तो जो ढिला दुसरा हात आहे तिथेच ब्रोमीन येऊन चिकटतो, तिथेच पॉलिमर होतो, अल्कीनची सगळी केमिस्ट्री तिथे घडते. अंतरं सांगायची तर एकेरी १५४ पिकोमीटर, दुहेरी १३४, तिहेरी १२०. हात वाढले की कार्बन जवळ ओढले जातात.

आता ब्युट-२-ईनच्या चार तुकड्यांपैकी दोन जागी मिथाइल (एक कार्बन आणि त्याचे तीन हायड्रोजन), दोन जागी हायड्रोजन. दोन्ही मिथाइल एका बाजूला तर सिस, समोरासमोर तिरके तर ट्रान्स. पण ब्युट-१-ईनला हे नाही, कारण त्याच्या टोकाच्या कार्बनवर दोन्ही हायड्रोजनच आहेत, अदलाबदल केली तरी काही बदलत नाही. आयसोब्युटिलीनचं पण तेच. नियम एवढाच की दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनवर दोन-दोन वेगळे गट हवेत, एकावर जरी सारखे आले तरी सिस-ट्रान्स संपलं.

आणि हे कागदावरचे लाड नाहीत हो. सिस ३.७ अंशांना उकळतो, ट्रान्स ०.९ ला, ब्युट-१-ईन उणे ६.३ ला आणि आयसोब्युटिलीन उणे ६.९ ला. वितळायला बघाल तर फरक अजून मोठा, ट्रान्स उणे १०५ च्या आसपास आणि सिस उणे १३९, कारण ट्रान्सचा आकार सरळ, घन होताना रेणू एकावर एक नीट रचले जातात आणि सिस वाकडा असल्याने तसा रचला जात नाही. लॅबमध्ये आमच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ होता, म्हणजे मिश्रणातले गॅस वेगवेगळे करून दाखवणारं मशीन, ॲल्युमिनाचा कॉलम, त्यात सी४ चं सॅम्पल सोडलं की अल्कीनची चार शिखरं स्क्रीनवर एकामागोमाग यायची, आधी ट्रान्स, मग ब्युट-१-ईन, मग आयसोब्युटिलीन, सगळ्यात शेवटी सिस. सूत्र एकच, वजन एकच, तरी चार वेगळ्या वेळेला बाहेर. साध्या नॉनपोलर कॉलमवर मधले दोघे एकमेकांवर चढून एकच शिखर दाखवायचे, उकळण्याचे अंशच एवढे जवळ ना.

नोकरीच्या पहिल्या वर्षी नाइट शिफ्टला मी एका सॅम्पल सिलिंडरच्या लेबलवर नुसतं ब्युटिलीन लिहिलं, ब्युटीनचं जुनं नाव. मला वाटलं सगळ्यांना कळतं. पहाटे तीनला फोन आला की कुठलं ब्युटिलीन, कारण पुढच्या युनिटला आयसोब्युटिलीन किती आहे तेवढंच हवं होतं, मेथनॉलबरोबर त्याचीच रिॲक्शन होऊन एमटीबीई, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं एक रसायन, बनतं, बाकीचे तिघे नुसते प्रवासी. परत सॅम्पल काढावं लागलं, परत मशीनवर लावावं लागलं. सीनियर रागावले नाहीत, त्यांनी फक्त चारही स्ट्रक्चर्स माझ्या वहीत स्वतःच्या हाताने काढून दिली आणि म्हणाले यातलं कुठलं ते लिहायचं. तेव्हापासून नावातला आकडा मी कधी गाळला नाही. ब्युट-१-ईनचं काम वेगळं, ते इथिलीनबरोबर थोडं मिसळून जे एलएलडीपीई प्लास्टिक बनतं ते दुधाच्या पिशवीच्या फिल्ममध्ये असतं. आयसोब्युटिलीनपासून ब्युटिल रबर, टायरच्या ट्यूबचं. एका आकड्याने माल बदलतो.

मग नाव द्यायचं कसं. सगळ्यात लांब साखळी शोधा जिच्यात दुहेरी बंध आहे, ज्या टोकाकडून दुहेरी बंध लवकर लागतो तिकडून मोजा, आणि बंध सुरू होतो त्या कार्बनचा आकडा लिहा. मुलं कुठे चुकतात ते सांगते. ब्युट-३-ईन असं लिहितात, ते ब्युट-१-ईनच आहे उलट्या टोकाने मोजलेलं. २-इथाइलप्रोप-१-ईन लिहितात, इथे इथाइलकडे (दोन कार्बनच्या गटाकडे) वळून बघितलं तर चार कार्बनची साखळी मिळते, म्हणून २-मिथाइलब्युट-१-ईन. याचं मूळ कारण म्हणजे साखळी कागदावर आडवी काढलीय म्हणून ती आडवीच आहे असं डोळे धरून चालतात. साखळी वळते, खाली उतरते, तिच्यावर बोट ठेवून चाला.

मराठी मीडियमच्या मुलांची एक अडचण इंग्लिश मीडियमच्या शिक्षकांच्या लक्षातच येत नाही. ब्युटेन, ब्युटीन, ब्युटाइन. आपल्या लिपीत हे एका मात्रेचं अंतर आहे, ब्युटेनची मात्रा वेलांटी झाली की दोन हायड्रोजन गेले, आणि आइन झालं की अजून दोन गेले. घाईत लिहिताना मात्रा हलली की पदार्थच बदलला. त्यात भर म्हणजे ब्युटा-१,३-डायईन, त्याचा उच्चार ऐकून मुलं शेवटी आइन ऐकतात आणि तिहेरी बंध काढून मोकळी होतात, तो आहे डाय आणि ईन, म्हणजे दोन दुहेरी. मी फळ्यावर डाय आणि ईनमध्ये उभी रेघ मारते. दहावीच्या सुट्टीत तुमच्या लेकीने ही तीन शेपटं इंग्रजी स्पेलिंगसकट पन्नास वेळा लिहिली असती तर बरं झालं असतं, आता लिहिली तरी चालेल.

अर्ध्या मार्काचं बोलायचं तर, २-ब्युटीन चूक नाही, जुनं आहे. दुहेरी बंधाला ईन ही शेपटी १८९२ च्या जिनिव्हाच्या परिषदेत ठरली, आकडा नावाच्या सुरुवातीला लिहायची पद्धत नंतर बरीच वर्षं चालली, आणि आययूपॅकच्या (रसायनांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) १९९३ च्या शिफारशींपासून आकडा त्या शेपटीच्या अगदी आधी आला. कारण चांगलं आहे. एकाच रेणूत दुहेरी पण आहे आणि तिहेरी पण आहे तेव्हा कुठला आकडा कोणाचा हे लगेच दिसतं, जसं पेंट-१-ईन-४-आइन (पेंट म्हणजे पाच कार्बन). तो पण परीक्षेचा लाडका प्रश्न आहे. दोन्ही टोकांकडून १ आणि ४ च येत असतील तर लहान आकडा दुहेरीला. पण एका टोकाकडून २,४ येतंय आणि दुसऱ्याकडून १,३, तर जिकडून आकडे लहान तिकडून, मग भले तिहेरीला १ मिळो: पेंट-३-ईन-१-आइन. दुहेरीला मान फक्त बरोबरी झाली तरच. पेपरमध्ये आकडा मधेच लिहा, कापायला नको.

सिस-ट्रान्स कधी पुरत नाही ते पण सांगून ठेवते, कारण पुढे ई आणि झेड ही अक्षरं येतात आणि मुलं दोन्ही एकच समजतात. ३-मिथाइलपेंट-२-ईन घ्या. एका कार्बनवर मिथाइल आणि हायड्रोजन, दुसऱ्यावर मिथाइल आणि इथाइल. एकजण म्हणेल दोन मिथाइल एका बाजूला आहेत तर सिस, दुसरा म्हणेल मुख्य साखळी बघा, ती तर तिरकी जातेय, ट्रान्स. दोघे भांडत बसणार. म्हणून प्रत्येक कार्बनवर वरचढ कोण ते आधी ठरवायचं, जोडलेल्या अणूचा अणुअंक बघून, तिथे बरोबरी झाली तर पुढच्या अणूंवर जाऊन. मिथाइल हायड्रोजनपेक्षा मोठा, इथाइल मिथाइलपेक्षा मोठा. दोन वरचढ एका बाजूला तर झेड, विरुद्ध बाजूंना तर ई. मग वाद राहत नाही. जर्मन शब्द आहेत, त्सुझामेन म्हणजे एकत्र, एंटगेगेन म्हणजे समोरासमोर.

तिहेरीवर फार वेळ घालवायला नको. इथाइन सरळ काठीसारखा, ब्युट-२-आइनचे चारही कार्बन एका रेषेत, मग बाजूच नाही तर सिस-ट्रान्स कुठून येणार. मजा आहे ती प्रोपाडायईनमध्ये, ज्याला ॲलीन म्हणतात. तीन चणे घ्या, मधल्याच्या डावीकडे दोन टूथपिक वर-खाली आणि उजवीकडे दोन पुढे-मागे. मधल्या चण्यात दोन्ही जोड्या एकमेकींना काटकोनातच बसतात. आता टोकांचे हायड्रोजन खोचा, डावीकडचे एका पातळीत आणि उजवीकडचे त्याला काटकोनात. पुस्तकातलं सपाट चित्र बघून हे कोणालाही दिसत नाही, हातात धरलं की दहा सेकंदात दिसतं.

जुन्या नावांचं काय, हे पण बाबांनी विचारलं होतं. इथिलीन, प्रोपिलीन, ॲसिटिलीन बाहेरच्या जगात जोरात चालतात, पॉलिथिन या शब्दातच ते बसलंय. वाशीच्या मार्केटला हापूस पिकवायच्या चेंबरमध्ये जो गॅस सोडतात तो हाच इथिलीन, म्हणजे इथीन, एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) परवानगी दिलेला. आणि जुन्या काळी पेटीत कार्बाइडची पुडी ठेवायचे, ओलाव्याने त्यातून ॲसिटिलीन निघतो, त्यावर बंदी आहे कारण कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. आजीची पेंढ्यातली अढी म्हणजे आंब्याने स्वतः सोडलेला इथीन आंब्याजवळच अडवून ठेवणं. गंमत अशी की आययूपॅकच्या २०१३ च्या शिफारशींत ॲसिटिलीन हे नाव अधिकृत पसंतीचं म्हणून ठेवलंय, इथिलीनला मात्र इथीनच करायला लावलं. वर्गात इथाइन लिहा, बिनधास्त.

त्याच २०१३ च्या शिफारशींत अजून एक बदल आहे, मोठ्या साखळीला दुहेरी बंधापेक्षा जास्त मान दिलाय, म्हणून २-इथाइलपेंट-१-ईनचं नवं नाव ३-मिथिलिडीनहेक्सेन होतं. इंटरनेटवरच्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये असं नाव दिसलं तर घाबरू नका आणि अकरावीच्या पेपरात ते लिहूही नका, आपल्या पुस्तकांत दुहेरी बंध असलेली साखळीच मुख्य धरतात.

लेकीला पुढचा सराव म्हणून सी५एच१० चे फक्त अल्कीन काढायला द्या, चणे आणि टूथपिक घेऊनच. पाच यायला हवेत, आणि सिस-ट्रान्स धरले तर सहा. सात आले तर बहुतेक तिने २-मिथाइलब्युट-२-ईनचे दोन केले असतील, तेव्हा त्याचा तो कार्बन हातात धरायला सांगा ज्यावर दोन्हीकडे मिथाइलच आहेत.